नवे गीत निवडताना



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘ख्रिस्ती उपासनेतील नवी गीते’ असे सांगितले. त्यांच्यापैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, “हा तुमच्या मंडळीतला घरगुती प्रश्न. गावाला त्याचे काय?” मी त्यांना उलट विचारले, “गेल्या गणेशोत्सवात तुमच्या आळीच्या भजनी मंडळात अभंगाला सिनेमाची चाल लावण्यावरून तंटा झाला, तो कशाचा होता?” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि विषय मान्य झाला.

तेव्हा आज मी बोलणार आहे ते ख्रिस्ती मंडळीविषयी. पण पुष्कळ माणसे एकत्र जमून जिथे देवाचे नाव गातात, तिथे हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने असतोच. जुने किती राखावे, नवे किती घ्यावे, आणि घ्यायचे ते कोणी व कोणत्या मापाने निवडावे? आमच्या उपासनेत पेटी-तबला होता. आता गिटार आली, ड्रम आला, भिंतीवर शब्द दाखवणारा प्रोजेक्टर आला. तरुण म्हणतात, जुनी पदे आम्हांला कळत नाहीत. वृद्ध म्हणतात, नवी गाणी आम्हांला गाता येत नाहीत. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि अडचण तिथेच आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. आपल्याच किनाऱ्यावर त्याच्या खुणा आहेत. रेवदंड्याला गेलेल्या प्रत्येकाने तो उंच पडका मनोरा पाहिला असेल. लोक त्याला सातखणी म्हणतात. तो पोर्तुगीजांच्या काळातील सेंट बार्बराच्या देवळाचा मनोरा. चौलात पोर्तुगीजांचा अंमल दोन शतकांहून अधिक काळ टिकला आणि १७४० साली तो मुलूख मराठ्यांकडे आला. त्या देवळांत लॅटिन गायन घुमत होते; आज तिथे भिंती आणि गवत आहे. पण खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याखाली जे गाव आहे, तिथले ख्रिस्ती लोक अजून घरात पोर्तुगीज-मिश्रित बोली बोलतात. माउंट कार्मेलच्या मातेच्या देवळाभोवती त्यांची वस्ती आहे. राज्य गेले, राज्यकर्ते गेले, शाळा मराठी. तरी ती बोली आणि तिच्यातली गाणी तोंडोतोंडी टिकून राहिली. देवळातील भाषा मात्र बदलली. तिथे आता मराठीतून मिस्सा होतो. एका लहानशा गावाने लॅटिन, पोर्तुगीज, स्वतःची बोली आणि मराठी अशा चार वाणींत देवाला हाक मारलेली आहे. ‘आमच्या धर्मात गाणे पूर्वीपासून असेच आहे’ असे म्हणणाऱ्याने एकदा कोर्लईला जाऊन यावे.

दुसरी खूण गोव्याची. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि येथील भाषा शिकला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापून प्रसिद्ध झाले. ते लिहिण्यास कारण काय झाले, हे त्या ग्रंथातच सांगितले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका माणसाने पाद्रीबाबांपुढे गाऱ्हाणे मांडले की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत आम्हांला दुसरे काही का देत नाही? श्रोतेहो, नव्या गीताची खरी मागणी ही अशी असते. तिच्या मुळाशी रिकामी झालेली जागा असते. स्टीफन्सने ती जागा ओवीने भरली. ज्ञानेश्वरांची आणि एकनाथांची ओवी त्याने ख्रिस्तकथेला दिली, आणि लोकांनी ती आपली म्हणून गाइली. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने तिथल्या लोकांनी आपली भाषा टाकावी असा हुकूम काढला. १६५४ च्या आवृत्तीनंतर हा ग्रंथ पुन्हा छापला जाण्यास १९०७ साल उजाडावे लागले, आणि तेही मंगळुरास.

तिसरी खूण आपल्या रोजच्या उपासनेत आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांनी प्रथम आपल्या देशातील गीतांची भाषांतरे केली आणि ती तिकडच्याच चालींवर म्हणावयास लावली. लोक म्हणत; पण मराठी शब्द परक्या सुरावर चढवताना जी ओढाताण होते ती होई. पुढे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तन आणि देशी चाली देवळात आणल्या, आणि त्यांच्यामागून रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. टिळक आपल्या कोकणचेच. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मले, १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९१९ साली ते वारले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीच्या तोंडी जी भजने व अभंग दिले ते आज ‘उपासना संगीत’ ह्या पुस्तकात आहेत आणि मंडळीच्या हाडीमाशी खिळले आहेत. आज ज्यांना आपण जुनी, मुरलेली, पवित्र पदे म्हणतो ती त्या वेळी नवी होती. भजन हे देवळात शोभते काय, टाळ-मृदंग चालेल काय, अशी शंका तेव्हाही निघालीच असेल. म्हणून टिळकांची पदे गाणाऱ्याने ‘नवे नको’ म्हणणे हा टिळकांवरच अन्याय आहे.

ही गोष्ट केवळ आपली नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात आयझॅक वॉट्सने स्वतःची रचना पुढे केली, तेव्हा दाविदाच्या स्तोत्रांवाचून दुसरे काही देवळात गाऊ नये असे मानणारे पुष्कळ होते. रोमन कॅथलिक पंथात ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा ठराव केला. त्यात लोकभाषेला वाट मिळाली, आणि ज्या देशांना स्वतःचे संगीत आहे तेथे त्या संगीताला योग्य मान द्यावा असेही सांगितले गेले. आपल्याच किनाऱ्यावरील बेने इस्राएल बांधवांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या धर्मकथांची मराठी कीर्तने रचली. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजानेही उपासनेसाठी तुकोबांचे अभंग निवडून घेतले. निवड सर्वांनी केली आहे. ज्यांनी केली नाही त्यांची गाणी इतरांनी निवडून दिली.

आता आजच्या नव्या गीतांकडे वळू. ही बहुतेक अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथून इंग्रजीत येतात. काही हिंदीतून येतात. काही मराठी तरुण स्वतः रचतात. पूर्वी गीत पुस्तकातून येई, आणि पुस्तकामागे एक समिती असे. आज ते मोबाइलमधून येते, आणि शनिवारी रात्री ऐकलेले गाणे रविवारी सकाळी मंडळीपुढे उभे राहते. मध्ये चाळणी नाही. चाळणी आपणच व्हावयास हवे, एवढेच माझे सांगणे आहे.

ती कशी व्हावी, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत गीते निवडण्याचे काम माझ्याकडे आले. पुनरुत्थानाच्या सणासाठी मी एक इंग्रजी गाणे निवडले. मला ते फार आवडले होते. मीच त्याचे मराठी केले, चार तरुणांना घेऊन तालीम केली, आणि सणाच्या सकाळी आम्ही ते मोठ्या उत्साहाने म्हटले. दुसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आले की ध्वनिक्षेपकावरचे आम्ही पाचजण सोडले तर कोणी गात नाही. उपासना सुटल्यावर आमच्यातल्या एक वृद्ध आजी, मला लहानपणापासून ओळखणाऱ्या, जवळ येऊन म्हणाल्या, “बाबा, आज तुम्हा लोकांचं गाणं छान झालं हो.” त्यांनी ते कौतुकानेच म्हटले. पण ‘तुम्हा लोकांचं’ हा शब्द माझ्या मनात सलत राहिला. त्या दिवसापर्यंत देवळातले गाणे त्यांचेही होते. मी त्यांना गाणाऱ्यांतून काढून ऐकणाऱ्यांत बसवले होते.

चूक कुठे झाली, हे मी मग शोधू लागलो. पहिली चूक शब्दांत होती. इंग्रजी ओळीचा शेवट पुष्कळदा एकाक्षरी शब्दावर होतो आणि चालीतला लांब सूर त्यावर ठेवलेला असतो. आपल्याकडे राजा, प्रीती, कृपा, असे दोन अक्षरांचे शब्द येतात, आणि वाक्याच्या शेवटी क्रियापद येते. मग तो लांब सूर पडतो ‘आहे’ मधल्या ‘हे’वर. सगळी मंडळी डोळे मिटून ‘हे’ हे एकच अक्षर आळवते. देवाचे नाव मात्र घाईघाईने मागे पडलेले असते. ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर आला की ‘कृपा’ची ‘क्रूऽपा’ होते, आणि अर्थ गोंधळून जातो. टिळकांच्या पदांत असे होत नाही, कारण त्यांनी ओवी, अभंग, दिंडी, साकी ह्या मराठी घाटांतच विचार केला. म्हणून भाषांतरित गीत निवडताना ते प्रथम चालीशिवाय मोठ्याने वाचून पाहावे. वाचताना जीभ अडखळली तर गाताना मंडळी अडखळणारच.

दुसरी चूक पट्टीत होती. ध्वनिमुद्रणातला गायक शिकलेला असतो. शेवटच्या ध्रुवपदाला तो आवाज वरच्या सप्तकात फेकतो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण मंडळीत सुतार आहे, शिक्षिका आहे, मासळी विकून आलेली बाई आहे, दम्याचे म्हातारबा आहेत. ह्या सर्वांना जमेल असा पल्ला लहान असतो. पांढरी एक षड्ज धरला, तर मध्य सप्तकाच्या षड्जापासून तार सप्तकाच्या ऋषभापर्यंत बहुतेक चाली बसाव्यात. पुरुष खाली गातील, स्त्रिया वर. ह्याहून वर जाणारे गीत एकट्याने म्हणावे, मंडळीवर लादू नये. लयीचेही तसेच. समेच्या आधी किंवा नंतर शब्द उचलण्याची जी आधुनिक लकब आहे ती एका गायकाला साधते. शंभर माणसांना साधत नाही. जॉन वेस्लीने १७६१ साली गाणाऱ्यांना काही नियम घालून दिले. त्यांत सर्वांनी गावे, जोमाने गावे, आणि तरी इतरांहून वेगळा उठेल असा आवाज काढू नये, असे आहे. अडीचशे वर्षांनंतर त्यात मला बदलावेसे काही दिसत नाही. फक्त ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी ठेवावा एवढी भर घालीन.

तिसरी चूक अर्थाची होती, आणि ती मला सर्वांत उशिरा कळली. आम्ही निवडलेली नवी गाणी मी एकदा ओळीने मांडली. जवळजवळ सगळी आनंदाची होती. विजय, सामर्थ्य, नाच, टाळ्या. बायबलातील दीडशे स्तोत्रे उघडून पाहा. त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. देवा, किती वेळ? मला का टाकलेस? असे विचारणारी. आमच्या यादीत असे विचारणारे एकही गीत नव्हते. मग ज्याच्या घरी त्या आठवड्यात मृत्यू झाला आहे, ज्याची नोकरी गेली आहे, त्याने रविवारी काय गावे? समुद्रही मला त्या यादीत फार थोडा आढळला. ख्रिस्ताचे पहिले शिष्य कोळी होते. वादळात होडी बुडू लागली तेव्हा ते ओरडले. आपल्याला ती गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आणि आम्ही मात्र कोठल्या तरी परक्या देशातल्या बर्फाची उपमा असलेली गाणी म्हणत होतो!

वादळावरून आठवले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्या ह्या जिल्ह्यावर आदळले. ते कोणालाही सांगावयास नको. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले उडाली, आणि कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. साथीमुळे देवळे मार्चपासूनच बंद होती. ती राज्यात नोव्हेंबरच्या १६ तारखेस उघडली. त्या अंधाऱ्या दिवसांत आमच्या वाडीतली तीन-चार ख्रिस्ती घरे संध्याकाळी आपापल्या ओटीवर बसून प्रार्थना करीत. अंतर राखून, एकमेकांचा आवाज ऐकू येईल इतके जवळ. पुस्तके पावसात भिजली होती, मोबाइल बंद पडले होते, गिटार नाही, भिंतीवरचे शब्द नाहीत. जे पाठ होते तेच गाणे शक्य होते.

त्या दिवसांत मी मनातल्या मनात मोजणी केली. आमच्या मंडळीने पाच-सहा वर्षांत चाळीसेक नवी गीते घेतली असतील. त्यांतली दोनच अंधारात टिकली. बाकी सारी टिळकांची व सांगळ्यांची पदे. हे ऐकून ‘जुने तेच खरे’ असे कोणी म्हणेल, पण थांबा. त्या दोन नव्या गीतांपैकी एक शेजारच्या घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलीने सुरू केले, आणि त्या आजीने, होय, त्याच आजीने, दुसऱ्या ओळीला तिला साथ दिली. त्यांचे छप्पर गेले होते. ते गीत साधे होते: लहान ध्रुवपद, चार-पाच सुरांत फिरणारी चाल, आणि शब्दांत मागणे. आजींना ते कधी पाठ झाले हे त्यांनाही सांगता आले नसते. तेव्हापासून गीत निवडताना मी एक प्रश्न विचारतो: वीज गेली तर हे उरेल काय?

ह्या अनुभवातून आमच्या मंडळीने काही साधे नियम केले. ते तुमच्यापुढे ठेवतो. त्यांत शहाणपणापेक्षा पश्चात्ताप अधिक आहे.

निवड एकट्याने करू नये. आमच्या समितीत पाळकसाहेब आहेत, पेटीवाले आहेत, तरुण संघातले दोघे आहेत, महिला मंडळाच्या दोघी आहेत, आणि ज्यांना वाचता येत नाही असे एक वृद्ध गृहस्थ मुद्दाम घेतले आहेत. ऐकून पाठ होते की नाही हे त्यांच्याइतके अचूक कोणी सांगत नाही. गीत तीन वेळा तपासावे: शब्द खरे आणि शास्त्राला धरून आहेत काय, चाल चांगली आणि सर्वांना गाता येण्याजोगी आहे काय, आणि उपासनेत त्याची जागा कोणती? प्रभुभोजनाचे गीत वेगळे, आगमनकाळाचे वेगळे, दफनाच्या वेळचे वेगळे. जागा सापडत नसेल तर गीत चांगले असूनही ठेवून द्यावे. वर्षाला सहा-सात नव्या गीतांहून अधिक घेऊ नयेत. घेतले ते महिनाभर दर रविवारी म्हणावे. आधी उपासनेच्या अगोदर चालीवर शिकवावे, मग उपासनेत आणावे. वर्षाअखेरीस जे कोणी घरात गुणगुणत नाही ते निमूटपणे गाळावे. आणि एक नवे आले तर एक जुने, विसरलेले, पुन्हा वर काढावे. ही अट तरुणांनी मान्य केली, हे मला आश्चर्याचे वाटले. नंतर टिळकांच्या एका पदाला त्यांनीच गिटारवर साथ बसवली. म्हातारे कुरकुरले, पण गाऊ लागले.

कायद्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण देवाचे गाणे म्हणजे फुकटचे असा समज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्यास आडकाठी नाही. पण दुसऱ्याच्या गीताचे भाषांतर करून ते पुस्तिकेत छापणे किंवा प्रती काढून वाटणे ह्याला कर्त्याची परवानगी लागते. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क राहतो. टिळकांची पदे आता सर्वांची आहेत. काल आलेले गाणे मात्र कोणाच्या तरी श्रमाचे आहे. माझ्या त्या सणाच्या गाण्याची मी परवानगी घेतली नव्हती, हेही इथे कबूल करतो.

आता तरुणांच्या बाजूने एक गोष्ट सांगून संपवतो. त्यांना नवे हवे असते ते चंगळ म्हणून, असे आपण समजतो. पण क्रिस्तपुराणाच्या आरंभी गाऱ्हाणे घेऊन आलेला तो माणूस आठवा. त्याला करमणूक नको होती. त्याला आपल्या तोंडची भाषा हवी होती. आजचा मुलगा जेव्हा म्हणतो की जुन्या पदातला एखादा शब्द मला कळत नाही, तेव्हा तो तेच गाऱ्हाणे घेऊन आला आहे. त्याला उत्तर म्हणून परक्या गाण्याची नक्कल देऊ नये, आणि गप्प राहा असेही सांगू नये. त्याच्या हाती पेटी द्यावी, अभंगाचा घाट शिकवावा आणि म्हणावे, “तूच लिही. आम्ही तपासू, आणि चांगले झाले तर गाऊ.” टिळक असेच कधीतरी कोणाच्या तरी पुढे आपले पहिले पद घेऊन उभे राहिले असतील.

तुमच्या भजनी मंडळात काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण येत्या उत्सवात नव्या चालीवरून वाद निघालाच, तर आधी एक करा: दिवे मालवा, ध्वनिक्षेपक बंद करा, आणि कितीजण गातात ते ऐका. निम्मा वाद तिथेच मिटेल.